महालक्ष्मीसारखे रेसकोर्स पुढे टिकतील का, की पैशाअभावी बंद पडतील?

भाऊ, मी शहाद्याकडचा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाल्यांमध्येच वाढलोय. आमच्याकडे मारवाडी, काठेवाडी घोडे आणि रेसला थरोब्रेड (रेससाठीच पैदास केलेली जात), पण घोडं पाळायचा खर्च आम्हाला चांगला कळतो म्हणून लिहितो.

लगेच काही बंद पडत नाही, पण टॅक्स असाच राहिला तर लहान कोर्स टिकणं अवघड आहे. कारण रेसकोर्स गेटच्या तिकिटावर चालत नाही, पैजेवर चालतो. टोटवर (क्लबच्याच अधिकृत पैजेच्या खिडकीवर) लागलेल्या पैशातला थोडा हिस्सा रेस भरवणारा क्लब कापतो, बाकी जिंकणाऱ्यांना वाटतो, आणि त्या हिश्श्यातूनच ट्रॅकची देखभाल, पगार, बक्षिसं सगळं भागवायचं असतं. जीएसटी मात्र क्लबच्या हिश्श्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर! 2017 ला 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून डायरेक्ट 40. मग माणूस टोट सोडून बिनपावतीच्या बुकीकडेच जाणार ना, तिथे क्लबलाही काही नाही अन् सरकारलाही नाही. 1996 लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, तरी टॅक्स कॅसिनोच्याच रांगेत, याचा मला खरंच राग येतो.

बक्षीस घटलं की मालक नवीन घोडा घेत नाही, मग शर्यतीत घोडे कमी, आणि घोडे कमी की पैजाही कमी. इकडे शर्यत असो नसो, सईसला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) पहाटे उठून खरारा करावाच लागतो, दाणा भिजवावा लागतो, नाल झिजली की नालबंदाला बोलवावं लागतं. कमाई थांबली म्हणून घोडं खायचं थांबत नाही. मालकाचा हात आखडला की पहिली गदा या सईसावरच येते, आणि त्याची बातमी कुठे येत नाही.

दुसरं म्हणजे जमीन. महालक्ष्मीचा 99 वर्षांचा करार 2013 ला संपला, 2024 ला 211 एकरांपैकी 120 एकर पार्कसाठी पालिकेकडे गेली आणि क्लबकडे 91 राहिली, म्हणजे तिथे निदान ट्रॅक तरी वाचला. चेन्नईत त्याच वर्षी सरकारने गिंडी रेसकोर्सच्या जमिनीचा करार रद्द केला. सिंगापूरने तर 2024 लाच रेस कायमची बंद केली, जमीन घरांसाठी हवी म्हणून.

तुमचा घोड्यात पैसा घालायचा विचार असेल तर एवढ्यात घाई करू नका, आधी जीएसटी कौन्सिल काय करते ते बघा. टॅक्स क्लबच्या हिश्श्यावर आला तर हे कोर्स सावरतील असं मला मनापासून वाटतं.