पाण्याचा रिपोर्ट आल्याशिवाय एकेटीचं ठरवू नका

दादा, बहिणीला दोन वर्षं लुपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), खोल श्वास घेतला की बरगडीत कळ, एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी आणि डॉक्टर म्हणतात "टीबीच, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू". तुमचं हे वाचून मला माझं २०१६ साल आठवलं.

माझी चूक आधी सांगते. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना लुपसची फाईल घरीच ठेवली. ती सांध्यांची, इथे कशाला, असं वाटलं. गोळ्या विचारल्या तर "सांधेदुखीच्या चालू आहेत" एवढंच बोलले. पाणी काढलं तेव्हा पोटाशी उशी धरून, पुढे वाकून बसले होते. बाटली फिकट पिवळ्या पाण्याने अर्धी भरली. दोन दिवसांनी भाऊ रिपोर्ट आणायला गेला तर कळलं, सॅम्पल लॅबला पाठवलंच नव्हतं. "टीबीच आहे, रिपोर्ट कशाला?" त्या पाण्याबरोबर माझे एकेटीचे चार महिने वाया गेले. मी लुपससाठी स्टेरॉइडवर होते आणि एकेटीतल्या रिफाम्पिसिन या औषधाने स्टेरॉइडचा असर कमी होतो. छाती तर दुखतच होती, वर सांधेही सुजले. पुढे रुमॅटॉलॉजिस्टने (लुपस आणि सांध्यांचे डॉक्टर) स्टेरॉइडचा डोस वाढवला आणि आठवड्याभरात मी डाव्या कुशीवर झोपू शकले.

मी डॉक्टर नाही. बहिणीला खरोखर टीबी असू शकतो. स्टेरॉइडवर असलेल्यांना धोका जास्तच असतो. एकेटी सुरू झाली असेल तर स्वतःहून बंद करू नका. पण पाण्याची एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम), सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि पेशींची तपासणी झालीच पाहिजे. एडीए लुपसमध्येही वाढू शकतं आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाहीच असं होत नाही. म्हणून माझं ठाम मत, छातीच्या आणि लुपसच्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. संकोच करू नका, मी केला होता. सोबत डीएसडीएनए, सी३-सी४ (लुपस किती भडकलाय ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि लघवीची तपासणी रुमॅटॉलॉजिस्ट सांगतीलच.

अचानक दम लागला, एकाच पायाला सूज आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर ओपीडीची वाट न बघता त्याच क्षणी कॅज्युअल्टीत न्या. एपीएलए (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणाऱ्या अँटीबॉडींची तपासणी) पॉझिटिव्ह असेल तर फुप्फुसात गुठळी अडकण्याची भीती जास्त. आणि एक्स-रे साफ असूनही दम लागत राहिला तर पीएफटी (फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी) डीएलसीओसकट (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ते), एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक सीटी स्कॅन) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) यांबद्दल विचारा.

एचसीक्यूची (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, लुपसची नेहमीची) गोळी मात्र कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. आणि पाणी काढतील त्या दिवशी सॅम्पलची पावती मागून घ्या, लॅबचा नंबर लिहून ठेवा.