बरड वावरात पाणी कुठे लागेल, हे उपग्रहाच्या नकाशावर दिसतं का?

तुमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी, सहा एकर, बहुतेक बरड, म्हणजे हलकं मुरमाड. दोन बोअर फेल गेले आणि तिसरा कुठे घ्यावा हे गुगलच्या नकाशावर पाहून ठरवता येईल का, असा प्रश्न आहे. जमिनीखालचं पाणी तुमच्या कामाला येईल अशा बारकाईने कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही. दिसतात त्या वरच्या खुणा: ओल, झाडं, नाल्याची वळणं, खडकाची रेघ. त्या नीट वाचल्या तर सहा एकरांतल्या पाच एकरांत बोअर घ्यायचा नाही, एवढं घरबसल्या कळतं. माझ्या मते नकाशाचा खरा उपयोग हाच आहे.

सर्वांत मोठी चूक चित्राच्या तारखेत होते. फोनवर नकाशा उघडला की जे चित्र समोर येतं ते बऱ्याचदा ऑक्टोबर ते जानेवारीतलं असतं. तेव्हा सगळंच हिरवं, त्यातून काय कळणार? संगणकावर गुगल अर्थ प्रो (फुकट आहे) घ्या, वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबा आणि एप्रिल-मेची जुनी चित्रं एकेक करून पाहा. तिथे उन्हाळ्याचं चित्र नसेल तर कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या वेबसाइटवर सेंटिनल-2 उपग्रहाची चित्रं मिळतात. साधारण दर 5 दिवसांनी एक, 2015 पासूनची, तीही फुकट. ढगांची मर्यादा 10 टक्के ठेवा आणि 'फॉल्स कलर' निवडा. त्यात जिवंत हिरवळ लाल दिसते, त्यामुळे सुकलेल्या गवतात ती लगेच उठून येते.

मे 2019 चं चित्र आवर्जून पाहा. 2018 च्या कमी पावसानंतर सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्या उन्हाळ्यातही जी जागा लाल राहिली, तिच्याखाली काहीतरी आहे असं धरायला हरकत नाही. सेंटिनलचा एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे एका एकरात जेमतेम 40 ठिपके. एकट्यादुकट्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. सलग चार-पाच ठिपके, आणि तेही दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या मे महिन्यात, तरच खूण पक्की.

आता फसवणारी हिरवळ. संत्र्याची बाग किंवा ओलिताचं वावर चौकोनी, सरळ कडांचं दिसतं. ते पाणी पाइपाने आलेलं असतं. नाल्यातली बेशरम आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, विलायती बाभूळ हीसुद्धा हिरवीगार दिसतात, पण बाभळीचं मूळ फार खोल जातं, तिच्या हिरवेपणावरून विहिरीचा अंदाज बांधू नये. मोहाला एप्रिलमध्ये नवी पालवी येते, अगदी कोरड्या मुरमातही. म्हणून एकच तारीख न पाहता फेब्रुवारीअखेर, मार्चअखेर आणि मेमध्य अशी तीन चित्रं लावा. मोह मध्येच हिरवा होईल; पाण्यावरची उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन म्हणजे कहू, आणि शिंदी तिन्ही चित्रांत टिकून दिसतील. आपल्याकडे जंगल सागाचं असल्याने हे काम सोपं होतं: साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि ओलीवरचा पट्टा आपोआप उघडा पडतो. उलट बाजूने, वणव्याने जळालेली जमीन, डोंगराची सावली आणि उघडा काळा पाषाण हे तिन्ही पाण्यासारखे काळे दिसतात. तिथे तळं समजून धावू नका.

तुमच्यासारख्या पायथ्याच्या वावराला सर्वांत उपयोगी खूण वेगळीच आहे. पश्चिम विदर्भातला खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक आडवे थर. प्रत्येक थराचा वरचा भाग जाळीदार, कुजलेला, पाणी धरणारा. खालचा भाग घट्ट काळा पाषाण, पाणी न सोडणारा. पावसाचं पाणी कुजलेल्या थरातून उतरतं, पाषाणावर अडतं आणि डोंगराच्या कडेला बाहेर झिरपतं. म्हणून एका डोंगराभोवती मे महिन्यातले हिरवे ठिपके बऱ्याचदा एकाच उंचीवर सापडतात. गुगल अर्थमध्ये त्या ठिपक्यांवर कर्सर नेऊन खाली दिसणारी उंची वहीत लिहा. तीन-चार ठिकाणी 4-5 मीटरच्या फरकात तोच आकडा आला, तर पाण्याचा थर सापडला असं समजा. मग तुमच्या वावराची उंची पाहा. वावर त्या आकड्याच्या थोडं वर असेल तर विहीर तो थर गाठेल. बरंच खाली असेल तर तो थर तुमच्या डोक्यावरूनच वाहून गेला. तुम्हाला पुढच्या थराचा विचार करावा लागेल. ही उंची एक-दोन मीटरपर्यंत अचूक नसते, म्हणून सपाट वावराचा उतार त्यावरून काढू नका. त्यासाठी गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पाण्याची नळी बरी.

थरांशिवाय पाणी खडकातल्या भेगांतही असतं. त्या भेगा शोधायला मात्र मेचं चित्र चालत नाही, जानेवारीचं लागतं. सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात आणि जमिनीवरच्या रेघा उठून दिसतात. एक गंमत: प्रकाश आग्नेयेकडून येत असल्याने काही जणांना या चित्रात दरी टेकडीसारखी आणि टेकडी दरीसारखी दिसते. तसं झालं तर चित्र उलटं करा, दक्षिण वर. लगेच सरळ होतं. नाला एरवी नागमोडी जातो. तो अर्धा-एक किलोमीटर आखल्यासारखा सरळ गेला, किंवा समोरासमोरून आलेले दोन नाले एकाच रेषेत असले, तर खाली भेग असण्याची शक्यता असते. अशा दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा पहिली तपासायची. पांदण, विजेची लाइन, कालवा, जुना धुरा यांनाही लोक भेग समजतात. सरळ रेघ गावाकडे किंवा डांबरी रस्त्याकडे जात असेल तर ती माणसाची, असा माझा साधा नियम.

इस्रोच्या भुवन पोर्टलवर भूजल संभाव्यतेचे तयार नकाशे आहेत, 1:50,000 प्रमाणाचे. ते जरूर पाहा, पण त्यांची मर्यादा समजून. त्या प्रमाणात 1 मि.मी. म्हणजे जमिनीवर 50 मीटर, म्हणजे तुमचं अख्खं वावर नकाशावर जेमतेम 3 मि.मी. लांब-रुंद. त्यावरून शिवार कसं आहे ते कळेल, बोअरचा पॉइंट नाही.

खूण सापडली तरी तिथे पाणी येतं कुठून, याचा हिशोब करा. जागेच्या वरचा जेवढा भाग तिच्याकडे उतरतो त्याभोवती रेघ काढली की गुगल अर्थ क्षेत्रफळ देतो. समजा 20 हेक्टर आलं आणि पाऊस 900 मि.मी. धरला. 1 हेक्टरवर 1 मि.मी. पाऊस म्हणजे 10 घनमीटर, त्यामुळे एकूण 1,80,000 घनमीटर. कुजलेल्या बेसाल्टात, म्हणजे आपल्या लाव्ह्याच्या खडकात, त्यातला साधारण 7 टक्के मुरतो असं धरतात, म्हणजे 12,600 घनमीटर. हेक्टरी 5 सें.मी.चं एक ओलित म्हणजे 500 घनमीटर. आकडा भरपूर वाटतो, पण त्याच 20 हेक्टरांत इतरांच्या विहिरी किती आहेत ते मोजा आणि भागा. वरचा भाग 2-3 हेक्टरच निघाला तर हिरवळ कितीही सुंदर असो, बोअर दिवाळीनंतर आटेल.

तुमचे दोन बोअर का फेल गेले असावेत? तुम्ही खोली आणि जागा लिहिली नाही, पण वरच्या धुऱ्यावर बोअर घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तिथून पाणी उताराने सगळीकडे जातं. पाणी मात्र खालच्या अंगाला, नाल्याकडे असतं. बोअरवाल्याला विचारा: किती फुटांवर लाल भुकटा आला, कुठे ओल लागली, काळी पूड कुठून सुरू झाली? लाल भुकटा म्हणजे दोन थरांमधला सांधा. त्याखाली शेकडो फूट नुसती काळी पूड निघाली असेल तर खोली वाढवून हाती काही लागत नाही, पैसा तेवढा जातो. अशा जागी बोअरपेक्षा नाल्याकाठची 10-12 मीटरची विहीर बरी.

नकाशावर दोन-तीन जागा ठरल्या की फोनमध्ये टाकून मे महिन्यात पायी जा. फोनची जागा झाडाखाली 5-10 मीटरने चुकते आणि गाव नकाशाच्या रेषाही चित्रावर तंतोतंत बसत नाहीत, त्यामुळे धुऱ्याजवळचा पॉइंट असेल तर आधी मोजणी करा, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या वावरात लागायचं. आसपासच्या विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोजा. मग त्या जागांवरच रेझिस्टिव्हिटी सर्वे (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणं) करून घ्या. सगळ्या वावरावर नको. पाणाड्याला नारळ घेऊन फिरवायचंच असेल तर याच जागांवर फिरवा, निदान नुकसान कमी. बोअर 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल नेण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा, 2009 च्या भूजल कायद्यात खोल विहिरींवर निर्बंध आहेत.

हे सगळं लाव्ह्याच्या खडकासाठी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ग्रॅनाइट आणि नीस हे थर नसलेले कठीण खडक, तिथे थरांची उंची निरुपयोगी. भेगा आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखालचा भाग पाहायचा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणी लागतं, पण खारं.

चव आणि क्षार उपग्रहाला कळत नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड निघतं, म्हणून घरी प्यायला वापरणार असाल तर आधी तपासणी करा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 1 मि.ग्रॅ., दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही.