गडकऱ्यांच्या फोटोला हार घालू की नको?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं गाव सावनेर तालुक्यातलं. वाचनालयात राम गणेश गडकऱ्यांचा फोटो आहे, ते गेले ते सावनेरलाच म्हणून २३ जानेवारीला आम्ही हार घालतो. यंदा बचत गटाच्या बायांना त्यांच्या दारूवरच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा शेवट वाचून दाखवला तर एक काकू भडकल्याच, म्हणे, "काहून बाप्पा, लेकरू मारलं त्यानं अन् हे बाई त्यालेच वाचवून रायली?" वरून पुतण्या म्हणतो पुण्यात यांचा पुतळा काढून फेकला अन् तुम्ही अजून हार घालून राहिल्या. आता फोटो ठेवू की काढू?
– एक वाचक, ता. सावनेर

उत्तर : ताई, आधी पुतण्याचं निपटवतो. २०१७ च्या जानेवारीत संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रातोरात काढून मुठा नदीत टाकला हे खरं. राग ‘राजसंन्यास’मधल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर होता, आणि तो राग मला उगाच वाटत नाही. राजांना विलासी दाखवायची जुनी खोड गडकऱ्यांनाही सुटली नाही. नाटक अपुरं राहिलं हे खरं, पण म्हणून जे लिहिलं ते लिहिलंच नाही असं थोडीच होतं? फक्त ते पुस्तकावर बोट ठेवून दाखवता येतं ना, त्यासाठी नदी कशाला लागते. पुतण्याला म्हणा आधी वाच, मग भांडायला ये.

काकूंचं मात्र मला दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. मी कॉलेजात ‘एकच प्याला’तल्या सिंधूवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पतिव्रता, त्याग, सोशिकता वगैरे, आणि मार्कही चांगले पडले होते, काकूंनी ते एका वाक्यात फाडून टाकलं. दळणं दळून घर चालवणारी बाई, दारूच्या तारेत नवऱ्यानं मूल मारलं, तिलाही मारलं, आणि फौजदार दारात आला तरी ती नवऱ्यावर काही येऊ देत नाही. आणि आपण तिकडे रडायचं!

आपल्या विदर्भात हे वाचायला जड जाणारच. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ ला (ती २०२१ ला उठवली, असो), दोन्हीकडे बायांनी रेटा लावला होता. मी एका गावात पाहिलंय, बायांनी नाल्याकाठचा मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुलं) शोधून ड्रमच्या ड्रम उलटे केले, वास असा की नाकाला पदर लावूनही उभं राहवेना, आणि त्यातल्याच एकीचा नवरा पारावर बसून गुपचूप बघत होता. त्या बाईला सिंधू कशी पटेल?

पण सिंधूचा नवरा सुधाकर बघा. हुशार वकील, तापट, सनद जाते, अपमान गिळवत नाही आणि मग एकच घोट, फक्त एकच. ही घसरण गडकऱ्यांनी इतकी नेमकी टिपलीय की प्रत्येक गावात ते ‘एकच’ म्हणणारा एक तरी सापडतो, आणि त्याला ग्लास भरून देणारा तळीराम पण. सिंधूचं गोडपण सगळं गडकऱ्यांच्या माथी मारू नका. ते ३३ व्या वर्षी गेले, नाटक महिन्याभरात बडोद्याला उभं राहिलं, पदं वि. सी. गुर्जरांची, सिंधूच्या भूमिकेत गायक नट बालगंधर्व. एवढ्या सुंदर आवाजात कुणी सोसायला लागलं की कोण विचारतो का सोसतेस म्हणून.

आणि तळीरामाची बायको गीता आहे की त्याच नाटकात! फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. तिला आपण हसण्यावारी नेलं आणि सिंधूला देव्हाऱ्यात बसवलं, ही चूक वाचणाऱ्यांची जास्त. पुढच्या बैठकीत गीतेचे प्रवेश वाचा.

(जाता जाता, गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्याच जळगाव जामोदला वकिली करायचे. त्यांच्या फोटोवरून भांडण होत नाही, कारण बहुतेक कुठं लावलेलाच नाही.)

तर फोटो राहू द्या, हारही घाला. फक्त २३ तारखेला भाषण काकूंना करू द्या, आणि फौजदार दारात आल्यावर सिंधूच्या जागी त्या काय बोलल्या असत्या ते त्यांच्याच शब्दात लिहून मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.