टॉवेलच्या ब्रँडचं नाव बोडोनी इटालिकमध्ये घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा की टॉवेलच्या नव्या ब्रँडचं इंग्रजी नाव बोडोनी इटालिक या तिरक्या फाँटमध्ये घ्यायचं ठरलंय, तर ते खोका, टॅग आणि खुद्द टॉवेल, तिन्हीकडे चालेल का. खोक्यावर बिनधास्त घ्या. टॅगवर जपून. टॉवेलवर विणायला मात्र नाहीच.

मी सोलापुरात डीटीपी करतो. निम्मं काम लग्नपत्रिकांचं, निम्मं चादर-टॉवेलवाल्यांचं. या फाँटवर जीव आहे माझा, पण त्यानंच मला सगळ्यात जास्त शिव्याही खायला लावल्यात.

त्याची सगळी ऐट जाड आणि बारीक रेघेतल्या फरकात आहे. पेनची टोकदार निब दाबली की रेघ फुगते, सैल सोडली की केसाएवढी होते. तोच डौल १८ व्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्म्यात बोडोनी या मुद्रकानं आणि पॅरिसला दिदो या मुद्रक घराण्यानं छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत उतरवला. बोडोनी प्रत्येक मापाचा खिळा वेगळा कोरायचा, लहान मापात बारीक रेघ जरा दणकट ठेवायचा. आपण कॉम्प्युटरवर एकच फाइल ओढून लहान करतो आणि रेघ गायब झाली की छापखान्याशी भांडतो. टॅगसाठी ‘आयटीसी बोडोनी’ नावाच्या फाँटची ६ नंबरची (सिक्स) इटालिक घ्या. ती लहान अक्षरासाठीच बनवली आहे. गडद रंगावर पांढरं अक्षर मात्र टाळा, शाई पसरून बारीक रेघ बुजते.

आता टॉवेल. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर डिझाइन चौकटीच्या कागदासारखं बसतं. उभी-आडवी रेघ नीट येते, तिरकी आली की तिच्या पायऱ्या होतात. त्यात इटालिक म्हणजे सगळंच तिरकं, वर टेरीचे फुगीर लूप. एका हॉटेलच्या ऑर्डरमध्ये मी हा हट्ट केला होता. पहिला नमुना आला तर ‘एम’च्या जोडरेघा गायब, उरल्या तीन तिरक्या काड्या. मालक म्हणाले, "हे काय, काडेपेटी सांडली का?" विणायला साधं, उभं, एकसारख्या जाडीचं अक्षरच घ्या.

आणखी एक. फाइल खरी इटालिक आहे ना, तेवढं बघून घ्या. इंग्रजी छोटा ‘ए’ (a) बघा: उभ्या अक्षरात त्याच्या डोक्यावर आकडा असतो, इटालिकमध्ये नुसतं गोल पोट आणि दांडी. आकडा तसाच राहून अक्षर फक्त कललं असेल, तर ते सॉफ्टवेअरनं ढकललेलं आहे. जाड रेघा वेड्यावाकड्या होतात त्यात.

खाली मराठीत ‘सोलापूर’ लिहिणार असाल तर ते तिरकं करू नका. पत्रिकेवाले हमखास मागतात, आणि काना पडायला आलेल्या खांबासारखा दिसतो. आपल्या अक्षराची जाड-बारीक रेघ बोरूच्या तिरक्या कापातून आलेली, तिला वेगळा कल कशाला? उभंच ठेवा, इंग्रजीपेक्षा किंचित मोठं.