ती वही आधी परत द्या

नाशिकरोडच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलीचे नीटचे दोन प्रयत्न झाले, गुण कमी पडले, आता तिसऱ्यासाठी क्लासची फी भरली आहे. मुलीला मात्र फिट मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून उठते हे ईईजीवरून, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीवरून, शोधण्याच्या कामात जायचंय. "डोक्याला वायरी चिकटवायला शिकवलं का तिला?" असं ते विचारतात. धाकट्या मुलाला फिट येतात, मुलगी त्या फिटच्या नोंदींची वही ठेवायची. घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये, उद्या लग्न जमवायचं आहे, म्हणून ती वही त्यांनी काढून घेतली.

दादा, गुणांचं नंतर बोलू. मला या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटली ती वही.

तिच्यातल्या चार ओळी तुम्हीच तक्रार म्हणून उतरवल्या आहेत: "उजवा हात वाकडा होऊन ताठ. तोंडानं मचमच. शुद्धीवर येताना डाव्या हातानं नाक पुसलं. दोन मिनिटं शब्द सापडेना." टेम्पोरल, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून उठणाऱ्या फिटमध्ये ताठरणारा हात बहुधा उगमाच्या विरुद्ध बाजूचा असतो आणि नाक पुसणारा त्याच बाजूचा. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते, म्हणून नंतर शब्द न सापडणं हीसुद्धा डावीकडचीच खूण. रिपोर्टवर 'डावा टेम्पोरल' लिहिलंय, हेही तुमच्याच पत्रात आहे. याला निदान म्हणत नाही, ते न्यूरॉलॉजिस्टनंच करायचं. पण ओपीडीत मूल शांत बसलेलं असतं. डॉक्टरला फिट कळते ती घरातल्यांनी पाहिलेली. तुम्ही लपवलेली वही हा तुमच्या मुलाच्या तपासणीचा भाग आहे. पुढच्या भेटीला ती घेऊन जा. फिट आली की आधी त्याला कुशीवर वळवा, मग पांघरूण बाजूला करून दोन्ही हात दिसतील असा व्हिडिओ काढा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर मोबाइल ठेवा आणि हॉस्पिटल गाठा.

आणि लग्नाचं म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून असलेला अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकला आहे. भावाच्या आजारासाठी बहिणीला गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही.

आता वायरींबद्दल. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून १० आणि २० टक्क्यांच्या अंतरांवर खुणा करायच्या, कातडी घासून साफ करायची, प्रत्येक इलेक्ट्रोडचा विद्युत अडथळा ५ किलोओहमच्या खाली आणायचा. केसांना तेल असेल तर तो येतच नाही. एक इलेक्ट्रोड सैल राहिला तरी कागदावर टोकदार लाट उमटते आणि ती फिटची समजली जाऊ शकते. खरी लाट शेजारच्या चॅनेलमध्येही, म्हणजे शेजारच्या इलेक्ट्रोडच्या रेषेतही, थोडी पसरलेली दिसते, सैल इलेक्ट्रोडची एकट्यातच. हा फरक ओळखणाऱ्याला कमी लेखू नका.

मशीनच जागा दाखवतं, मग माणसाचं काय काम, हा तुमचा गैरसमज मात्र मोठा आहे. मशीन जागा दाखवत नाही. ते कवटीबाहेरचे मायक्रोव्होल्ट मोजतं, आणि कवटी ते पसरवून टाकते. बाहेरचे तेच आकडे आतल्या असंख्य वेगवेगळ्या उगमांतून येऊ शकतात. त्यातला कोणता खरा, हे गृहीतकं धरून गणितानं ठरवावं लागतं. मेंदूच्या सालीचा काही चौरस सेंटिमीटर भाग एकदम पेटल्याशिवाय बाहेर लाट दिसत नाही, म्हणून खोलवरची फिट सुरू होऊन काही सेकंद झाले तरी ईईजी शांत असू शकतो. शिवाय दोन फिटच्या मधल्या काळातल्या टोकदार लाटा जिथे दिसतात, तिथूनच फिट उठते असंही नाही. म्हणून व्हिडिओ-ईईजी, एमआरआय, पेट स्कॅन यांचा मेळ घालतात, आणि तरी जमेना तर कवटीला बारीक छिद्रं पाडून आत इलेक्ट्रोड सोडतात. ऑपरेशन करायचं की नाही, ते यावर ठरतं.

मार्ग थोडक्यात. नीटनं गेली तर एमबीबीएस, एमडी आणि डीएम न्यूरॉलॉजी मिळून अकरा-बारा वर्षं. तिला बारावीला गणित होतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सीईटीच्या पीसीएम गटातून बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. रेकॉर्डिंगचंच काम हवं असेल तर बंगळूरचं निमहान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, दोन्हीकडे त्याचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाच्या अटी त्यांच्या साइटवर पाहा. माझं मत विचाराल तर तिसरी नीट नको, इंजिनीअरिंगला पाठवा. उगम शोधणाऱ्या गणिताला माणसं हवी आहेत.

सीईटीला वेळ आहे तोवर एक करा. फिझिओनेट या वेबसाइटवर सीएचबी-एमआयटी नावानं लहान मुलांची फिटची ईईजी रेकॉर्डिंग फुकट आहेत, सेकंदाला २५६ नोंदींची. ती उघडून पाहायचं एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअरही फुकट. ती पहिली फाइल उघडेल तेव्हा शेजारी बसा आणि पापण्यांची उघडझाप यात कुठे दिसते, ते तिला विचारा.