वाघनखं कायमची का नाही मिळाली?

प्रश्न: लंडनची वाघनखं 2024 ला साताऱ्यात आली, बघून डोळे भरून आले, पण ती म्हणे 3 वर्षांसाठीच. कायद्याने कायमची नाही का आणता येत?

उत्तर: वाईट मलाही वाटतं, पण कायदा इथे तोकडा पडतो. चोरून किंवा बेकायदा बाहेर नेलेल्या पुराणवस्तूंबद्दल युनेस्कोचा करार आहे 1970 चा, आपण त्यात 1977 ला आलो आणि ब्रिटन थेट 2002 ला, शिवाय तो मागच्या काळाला लागूच होत नाही, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात गेलेल्या वस्तू त्यातून सुटतात. वर तिथल्या 1983 च्या कायद्याने, ही नखं ज्यांच्याकडे आहेत त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ट्रस्टींचे हात बांधलेत, संग्रहातली वस्तू त्यांना सहसा कायमची देऊन टाकता येत नाही. (ही नखं महाराजांचीच, असं म्युझियमही खात्रीने म्हणत नाही, हेही माहीत असू द्या.)

अलीकडच्या चोरीचं मात्र वेगळं. तमिळनाडूतल्या पथूरचा नटराज बघा, 1976 ला जमिनीत सापडला, चोरून लंडनला विकला, केस चालली आणि तिथल्या कोर्टाने चक्क पडक्या देवळाचा दावा मान्य केला! 1991 ला मूर्ती परत आली. म्हणून सांगते, गावच्या मूर्तींचे फोटो आणि मापं आत्ताच घेऊन ठेवा, उद्या काही झालं तर पुरावा लागतो.