फ्रेम कुणाची, कोणत्या सालची?

प्रश्न (सातारा): आजोबांची काळी, दांड्याची सायकल माळ्यावरून उतरवली आहे. घरात सगळे तिला 'रॅले' म्हणतात. पुढचा बिल्ला पडला आहे, नुसती भोकं उरली आहेत. कधीतरी ब्रशने काळा रंग मारलेला दिसतो. मागच्या चाकाच्या मधल्या हबवर 'स्टर्मी-आर्चर', 'एडब्ल्यू' आणि '५२ ४' असं कोरलेलं आहे. मग ही १९५२ ची रॅलेच ना?

उत्तर: हब एप्रिल १९५२ चा आहे, एवढंच या कोरीव अक्षरांवरून म्हणता येतं. स्टर्मी-आर्चर ही इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या मालकीची कंपनी असली, तरी तिचे तीन गिअरचे हब इतर सायकल कंपन्याही सर्रास वापरत. शिवाय चाक हा सायकलचा सगळ्यांत लवकर बदलला जाणारा भाग. सुटा भाग स्वतःचं साल सांगतो, फ्रेमचं नाही.

तेव्हा आधी हे चाक याच फ्रेमचं आहे का ते बघा. नट सैल करून चाक काढा. चाक निघताच फ्रेमची मागची, एक्सल बसणारी दोन्ही टोकं चार-पाच मिलिमीटर आत आली, तर कमी रुंदीच्या फ्रेममध्ये हा हब नंतर ताणून बसवला असण्याचा संभव आहे. एडब्ल्यू हबला टोकांमध्ये साधारण ११४ मिमी जागा लागते, बिनगिअरच्या चाकाला ११० च्या आसपास पुरते. मग दांड्याकडे वळा. गिअरची केबल सहसा दांड्यावरून मागे जाते आणि सीटखालच्या लगजवळ (नळ्या जोडणाऱ्या तुकड्याजवळ) एका छोट्या पुलीवरून खाली वळते. त्या जागी बोट फिरवा. पुलीचा पट्टा वर्षानुवर्षं आवळलेला असेल, तर ब्रशच्या रंगाखालीही गोल कडा हाताला लागते. ती लागली, तर सायकल सुरुवातीपासूनच तीन गिअरची होती असं मानायला आधार मिळतो. तशा वेळी तिचं साल १९५२ चा उत्तरार्ध किंवा १९५३ धरावं, कारण हब तयार होणं, सायकल जोडणं आणि बोटीने माल येणं यात महिने जात.

आता फ्रेम कुणाची? हा प्रश्न जास्त अवघड आहे. चेनव्हीलमध्ये, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चक्रात, काय कापलेलं आहे ते बघा. बगळ्यांची डोकी असतील तर रॅले, पाच धावती माणसं असतील तर हंबर, उघडा पंजा असेल तर रज; या दोन्ही इंग्लिश कंपन्या. बीएसए ही आणखी एक इंग्लिश कंपनी स्वतःची तीन अक्षरंच कापत असे. पण हा पुरावा एकटा धरू नका. क्रँक (पॅडलचा दांडा) अडकवणारी कॉटर पिन ठोकून काढली की क्रँकसकट चेनव्हील दहा मिनिटांत बदलतं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मात्र सहसा टिकतो. हंबरच्या नावाजलेल्या फोर्कला प्रत्येक बाजूला दोन-दोन नळ्या असतात, तो लांबूनही ओळखू येतो. रॅलेच्या फोर्कच्या खांद्यावर नळ्यांची तोंडं गोल टोप्यांनी झाकलेली दिसतात. या ठेवणीची नक्कल पुढे इतरांनी केली, त्यामुळे टोप्या दिसल्या म्हणजे रॅले ठरत नाही. रॅलेने हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये घेतली, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे नंतरच्या हंबर-रजमध्ये रॅलेच्या घरची बरीच लक्षणं सापडतात.

सगळ्यांत भरवशाची खूण आट्यांत आहे. हँडल काढा, वरचा लॉकनट सोडवा आणि फोर्कच्या खुंटावर (हँडलखालच्या नळीत शिरणाऱ्या भागावर) उघडे पडलेले आटे रॉकेलने धुवा. पट्टी लावून अर्ध्या इंचात किती आटे बसतात ते मोजा, किंवा आट्यांचं गेज लावा. तेरा आले तर इंचाला २६, बारा आले तर २४. रॅले आपल्या रोडस्टरना, म्हणजे रोजच्या वापराच्या साध्या सायकलींना, इंचाला २६ आटे ठेवत असे. २६ निघाले म्हणून रॅले सिद्ध होत नाही, पण फोर्क मूळचा असून २४ निघाले तर नॉटिंगहॅमची साधी रोडस्टर असण्याची आशा फारशी धरू नये.

बिल्ल्याच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि भोकं उभ्या रेषेत आहेत की आडव्या, तेही लिहून ठेवा. बाजारात नवे बिल्ले भरपूर मिळतात. त्यांच्यासाठी भोकं पाडू नका. मूळ भोकांची जागा हीच तुमच्याकडची साक्ष आहे, आणि अस्सल बिल्ला कधी हाती आला तर तो त्यांवर बरोबर बसेल.

घरातल्या ट्रंका, देव्हाऱ्याचे खण, जुन्या फायली यांतही शोधा. खरेदीच्या पावतीवर बहुधा फ्रेम नंबर असतो. सायकलवर कर होता तेव्हा नगरपालिका पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत, त्यावर साल असे. असा १९५४ चा बिल्ला मिळाला, तर सायकल १९५४ च्या आधीची किंवा त्याच वर्षाची, एवढं पक्कं होतं.

प्रश्न (नाशिक): फ्रेम नंबर रंगाखाली बुजला आहे. पावडर कोटिंगवाला म्हणतो, आधी सँडब्लास्ट करू. चालेल का?

उत्तर: नंबर वाचून होईपर्यंत फ्रेम त्याच्या हाती देऊ नका. उथळ ठोकलेले आकडे ब्लास्टिंगच्या वाळूच्या माऱ्याने आणखी उथळ होतात आणि वरून पावडरचा जाड थर त्यांत भरतो. मग पुन्हा काही दिसत नाही.

सीट लगची मागची आणि डावी बाजू, पॅडलच्या एक्सलच्या नळीचा तळ, मागच्या चाकाचं डावं टोक, हेड ट्यूबचा (हँडलखालच्या नळीचा) खालचा भाग आणि फोर्कचा खुंट, या पाच जागा तपासा. तिथे फक्त रुपयाएवढ्या भागावर पेंट रिमूव्हरची जेल लावा, हातमोजे घाला, रंग फुगला की लाकडी पट्टीने खरवडा. सँडपेपर नको, त्याने आकड्यांच्या कडाच जातात. जागा कोरडी झाल्यावर खडूची पूड चोळून पुसून घ्या, पांढरं आकड्यांत राहतं. अंधार करून टॉर्च आडवी धरली, तर ३ आणि ८, १ आणि ७ यांतला फरक दिसतो. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासून ठसा घ्या. अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागाही जशाच्या तशा उतरवा.

मात्र जुन्या रोडस्टरच्या नुसत्या नंबरावरून 'अमुक महिना, अमुक साल' सांगणाऱ्यावर विसंबून पैसे मोजू नका. हबचा शिक्का, बिल्ल्याची भोकं, आटे आणि नंबर एकमेकांशी जुळले तरच तारखेला वजन येतं.

प्रश्न (मुंबई): भंगारात 'हिंद' बिल्ल्याची फ्रेम मिळाली. ही परदेशी आहे का?

उत्तर: अस्सल मुंबईची आहे. हिंद सायकल्सचा कारखाना वरळीला होता. १९८० च्या कायद्याने हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर मुंबईत नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन आणि आसनसोलला सायकल कॉर्पोरेशन ही नावं आली. तेव्हा बिल्ल्यावर किंवा स्टिकरवर कंपनीचं पूर्ण नाव काय आहे ते भिंगातून वाचा, कालखंड तिथेच मिळेल. 'रॅले' एवढंच वाचून थांबणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. नॉटिंगहॅम की आसनसोल, हे खालच्या बारीक अक्षरांत असतं. सेन-रॅलेला कमी लेखायचं मुळीच कारण नाही. ती आपल्याकडच्या सायकल उद्योगाची मोलाची निशाणी आहे, तिच्यावर इंग्लंडचा बिल्ला ठोकू नका.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): नव्याने रंगवलेली रेसिंग फ्रेम घेतली. '५३१' चं स्टिकर आहे. बनवणारा कसा शोधू?

उत्तर: स्टिकर नवं आहे, म्हणून ते बाजूला ठेवा. रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीची ५३१ नळी १९३५ पासूनची आहे आणि असंख्य कारागिरांनी ती वापरली. सीटपोस्टचा व्यास मोजा. इंग्लिश मापाच्या ५३१ डबल-बटेड (नळ्या मध्ये पातळ, टोकांना जाड) फ्रेमला बहुधा २७.२ मिमी बसतो. २६.४ किंवा त्याहून कमी निघाला, तर स्टिकरवर शंका घ्या.

मग पॅडलच्या एक्सलची नळी. रुंदी ७० मिमी आणि दोन्ही कप (नळीत आट्यांनी बसणाऱ्या वाट्या) सरळ, म्हणजे उजव्या आट्यांचे असतील तर इटालियन. ६८ मिमी असेल तर इंग्लिश किंवा फ्रेंच. इंग्लिश कपाचा बाहेरचा व्यास ३४.८ मिमी, फ्रेंच ३५. एवढा बारीक फरक झिजलेल्या कपावर कॅलिपरने कळत नाही, तेव्हा चेनच्या बाजूचा कप कुठल्या दिशेला सुटतो ते बघा. उलट्या आट्यांचा असेल तर इंग्लिश, सरळ असेल तर फ्रेंच. काही स्विस फ्रेम मात्र ३५ मिमीच्या असूनही उलट्या आट्यांच्या असतात.

कालखंडासाठी मागच्या टोकांमधलं अंतर घ्या. १२० मिमी पाच गिअरच्या काळातलं, १२६ सहा-सात गिअरचं, १३० त्यानंतरचं. पण फ्रेम ताणून रुंद केलेली असू शकते, म्हणून दांड्यावर केबलच्या कड्या झाळलेल्या आहेत का, बाटलीच्या स्क्रूसाठी भोकं किती जागी आहेत, हेही पाहा. दोन बाटल्यांची सोय असेल तर फ्रेम बहुधा १९८० च्या दशकातली किंवा नंतरची. फक्त ही भोकं पुन्हा रंगवताना पाडलेली नाहीत ना, ते आतून बघा. झाळकामाचं पितळ कडेने सारखं पसरलेलं असावं.